मे महिन्यातलं सोलरचं गरम पाणी बोअरमध्ये साठवून ऑगस्टला आंघोळीला वापरता येईल का?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. आमची बाणेरला साठ फ्लॅटची सोसायटी आहे. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेत. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी असं उकळतं की पाइपाच्या तोंडातून वाफा येतात, आणि नेमकं तेव्हाच ते कुणाला नको असतं. बादलीभर गार पाण्यात तांब्याभर सोलरचं घातलं की संपलं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग हटत नाहीत, घरोघरी गिझर सुरू आणि सोलर गच्चीवर शोभेला.

नेदरलँड्समध्ये उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखालच्या पाण्यात साठवतात आणि थंडीत परत काढतात, असं वाचनात आलं. आमच्याकडे तीनशे फुटांचा एक बोअर पडून आहे, मार्चनंतर त्याला पाणी नसतं. चेअरमन काकांना मी हे सहज बोलून गेलो, तर ते आता वार्षिक सभेत 'भूगर्भ उष्णता प्रकल्प' असा विषयच घेणार म्हणतात. सभेत माझी शोभा होण्याआधी कुणी जाणकार सांगेल का, यात काही दम आहे का?

काकडी_भाकरी
आधी चेअरमन बदला. हलकं घ्या.

मुळाकाठची
आमच्याकडे पण सेम. मेमध्ये सोलरच्या नळाला हात लावला की चटका, श्रावणात थंडगार. वाचतेय.

डेल्फ्टचा_बंडू
मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला असतो, आमच्या ऑफिसची इमारत अशाच विहिरींवर चालते, म्हणून थोडं लिहितो.

तिसरा मजला, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण इथे जमिनीत गरमागरम पाणी सोडत नाहीत. इथलं भूजल मुळात ११-१२ अंशांचं. दोन विहिरी असतात, एक 'उबदार' आणि एक 'गार', दोन्ही एकाच वाळूच्या थरात. उन्हाळ्यात गार विहिरीतलं पाणी उपसून इमारत गार करायची; त्यात ते पंधरा-सोळा अंशांवर येतं, ते उबदार विहिरीत सोडायचं. हिवाळ्यात उलट. उबदार विहिरीचं पाणी उपसायचं, हीट पंप (फ्रीजसारखं यंत्र, विजेवर गारातली उष्णता ओढून गरमाकडे ढकलणारं) त्यातली उष्णता काढून हीटरला देतो आणि सात-आठ अंशांना उतरलेलं पाणी गार विहिरीत जातं. पाणी उपसलं तेवढंच परत जातं, खर्च काही होत नाही. जमिनीत सोडायच्या पाण्याला साधारण २५ अंशांची मर्यादा आहे, आणि वर्षानुवर्षं एकच विहीर तापत किंवा गारठत जाणार नाही, हा हिशोबही ठेवावा लागतो.

जगभरात अशा अडीच हजारांहून जास्त यंत्रणा आहेत, त्यातल्या सुमारे ८५ टक्के एकट्या नेदरलँड्समध्ये. कारण साधं आहे, हा देश वाळूवर बसलाय. ऑस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावर १९९८ पासून आहे, स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरही आहे.

तुमच्या मनात आहे ती जास्त तापमानाची साठवण. ती वेगळी आणि बरीच अवघड. बर्लिनच्या राइशस्टागखाली, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीखाली, दोन थर वापरलेत: वरचा साठ मीटरच्या आसपास गारव्यासाठी आणि खालचा तीनशे मीटरच्या आसपास, खारट पाण्याचा, उष्णतेसाठी. त्या खालच्यात ७० अंशांपर्यंतचं पाणी सोडतात. इथे उत्तरेला मिडनमेरला हरितगृहांसाठी २०२१ पासून साडेतीनशे मीटरच्याही खाली ८५ अंशांच्या आसपासचं पाणी साठवतात.

आणि एक. हे पाणी थेट कुणी अंगावर घेत नाही. मध्ये हीट एक्स्चेंजर असतो (दोन पाणी एकमेकांत न मिसळता फक्त उष्णता इकडून तिकडे देणारं यंत्र), विहिरीचं पाणी विहिरीतच फिरतं. कोमट साठलेलं पाणी म्हणजे लेजिओनेलासारख्या जंतूंना आमंत्रण, त्यामुळे 'सोलरचं पाणी बोअरमध्ये ओतू आणि ऑगस्टला शेंदून काढू' हे डोक्यातून काढाच.

आजीचा_बंब
आमच्या आजीच्या बंबाला एक्स्चेंजर नव्हता, एक शेणाची गोवरी आणि दोन नारळाच्या करवंट्या पुरायच्या. धूर मात्र शेजारच्यांकडे. 😀

जुना_गिरणगाव
जाता जाता, ही विद्या युरोपची नव्हे. सुरुवात शांघायच्या कापड गिरण्यांतून झाली. गिरण्यांना उन्हाळ्यात गारवा लागायचा म्हणून भूजल बेसुमार उपसलं, तेव्हा शहराची जमीन खचायला लागली. ती सावरायला १९६० च्या दशकात जमिनीत पाणी परत भरायला सुरुवात केली. हिवाळ्यात भरलेलं गार पाणी उन्हाळ्यात उपसलं तर तसंच गार निघालं! मग हिवाळ्यात मुद्दाम गार पाणी भरायची पद्धतच पडली. आमचे वडील गिरणीत होते, म्हणून हा किस्सा मला फार आवडतो. मुंबईच्या गिरण्या मात्र घामावरच चालल्या.

पेठी_पुणेकर
म्हणजे जमीन खचल्यावर शहाणपण आलं. आपल्याकडे जमीन खचत नाही, फक्त बोअर खोल जातो. दोनशेचे तीनशे, तीनशेचे पाचशे. पाणाड्या नारळ हातावर उभा करून सांगतो 'इथे दोन इंच पाणी आहे', आणि निघते धूळ. त्याला आता 'काका, उष्णता कुठे लागेल?' विचारायचं राहिलंय.

बोअरवाला_अण्णा
पेठी, पाणाड्याला नावं ठेवा, बोअरच्या गाडीला नको. आम्ही सांगितलं तिथे मारतो. पुण्यात मुरूम वीस-तीस फूट, मग काळा कातळ. पाणी लागलं तर फटीला लागतं, नाही तर नाही. शंभर फुटांवर दुसऱ्याला मिळतं, तुम्हाला मिळत नाही. गरम पाणी खाली सोडलं तरी ते कुठल्या फटीने कुठे जाईल, सांगता येणार नाही.

बेसाल्टबाई
अण्णांनी दोन ओळींत जे सांगितलं तेच मी जरा लांबण लावून लिहिते. भूजलात काम करते, विषय माझा आहे.

नेदरलँड्सचा वाळूचा थर म्हणजे सगळीकडे सारखी सच्छिद्रता. पाणी विहिरीभोवती सावकाश, सगळ्या बाजूंनी पसरतं, वाळूचे कणही तापतात, आणि उपसलं की जवळजवळ त्याच वाटेने परत येतं. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या भागात, सांध्यांत, लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. शंभर घनमीटर खडकातून हाताला लागणारं पाणी असतं एक-दोन, फार तर तीन घनमीटर. आणि ते फटींतून वाहतं. गरम पाणी फटीतून भराभर पुढे निघून जातं, मधला कातळ धड तापत नाही. परत उपसायला गेलात की तुम्ही सोडलेलं पाणी शेजारच्या सोसायटीच्या बोअरला आणि तुमच्याकडे शेजारचं गार पाणी.

आता तुमच्या ऑगस्टची गोष्ट. मार्चनंतर बोअर कोरडा म्हणालात, म्हणजे मे महिन्यात उष्णता भरायला त्यात पाणीच नाही. पाऊस सुरू झाला की हे उथळ जलधर, म्हणजे पाणी धरणारे थर, भरतात, पातळी झपाट्याने वर येते आणि ताजं पाणी उताराने नदीकडे वाहायला लागतं. तुम्हाला उष्णता नेमकी तेव्हा हवी आहे, जेव्हा जमीन ती धुऊन नेत असेल. पुण्यासाठी यापेक्षा वाईट वेळापत्रक मला सुचत नाही.

'मग अजून खोल जाऊ' असं कुणी म्हणण्याआधी: किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतला, तिथे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, खाली जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक आणि मग प्राचीन स्फटिकी खडक. कोयनेजवळ तीन किलोमीटरचा बोअर झालाय, तिथे बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट. राइशस्टागखाली आहे तसा जाडजूड वालुकाश्म आपल्याला खाली मांडून ठेवलेला नाही. कायद्याने ६० मीटरपुढची विहीर 'खोल विहीर' ठरते, तो भाग वेगळाच.

आणि पाणी जड. बेसाल्टमधल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. तापवलं की क्षार बसतो. गिझरची कॉइल पांढरी झालेली सगळ्यांनी पाहिली आहे. तोच थर एक्स्चेंजरमध्ये आणि विहिरीच्या फटींत बसला की कारभार आटोपला.

मुळाकाठची
बेसाल्टबाई, दंडवत. वाचनखूण साठवली.

मीटर_पळतोय
खडक बाजूला ठेवू. समजा देवाने बाणेरखाली उत्तम वाळू घातली. तरी साठ फ्लॅटला परवडेल का, ते आकड्यांत बघू.

साठ घरं, घरटी रोज २०० लिटर, म्हणजे १२ घनमीटर. पाणी २४ वरून ४४ अंशांवर न्यायचं. एक घनमीटर पाणी एक अंश तापवायला १.१६ युनिट लागतात (विजेच्या बिलातलंच युनिट). १२ × २० × १.१६, रोजचे साधारण २८० युनिट. साठ ढगाळ दिवस धरले तर १७,००० युनिट.

हे जमिनीत ठेवायचं. साठवण ६५-७० अंशांना भरली आणि ४५ पर्यंत वापरली, तर हाताशी वीसेक अंश. भिजलेली वाळू असो की खडक, घनमीटरला अंशामागे पाऊण युनिटच्या आत-बाहेर धरा. म्हणजे सुमारे १,२०० ते १,४०० घनमीटर जमीन. गोळा केला तर व्यास जेमतेम १४ मीटर, त्रिज्या ७.

आता, जमिनीत उष्णता दोन-तीन महिन्यांत तीनेक मीटर सरकते. सात मीटर त्रिज्येच्या गोळ्याचं तीन मीटरचं साल काढा: आत उरतो चार मीटरचा गोळा, म्हणजे मूळच्या १९ टक्के. बाकी ८१ टक्के माल कडेला बसलाय आणि पळायच्या तयारीत आहे. त्याऐवजी त्रिज्या ५० मीटर असेल तर तीन मीटरच्या सालात फक्त १७ टक्के जातात. पातेलंभर आमटी तासाभराने गरम असते, वाटीतली पहिल्या घासाला निवते, तसंच. विमानतळ, विद्यापीठ, हरितगृहांचा अख्खा पट्टा, हे करतात ते हौस म्हणून नाही. लहान साठवण टिकतच नाही.

तिसरा_मजला
मीटरराव, हे सालाचं गणित सभेत फळ्यावर मांडतो, चालेल ना? पण एक शंका. कॅनडात ५२ घरांच्या वसाहतीने हेच केलं असं वाचलं होतं. मग ते कसं जमलं?

मीटर_पळतोय
फळा तुमचा, खडू तुमचा. कॅनडाचं ते ड्रेक लँडिंग, अल्बर्टात ओकोटोक्स गावी. २००७ पासून चाललं. तिथे पाण्याचा थर वापरलाच नाही. ३५ मीटर खोल १४४ बोअर, त्यात यू आकाराचे पाइप, पाणी पाइपातच फिरायचं आणि माती तापवायचं. वरून इन्सुलेशन. उन्हाळ्यात गॅरेजच्या छपरांवरच्या कलेक्टरनी जमीन तापवायची, हिवाळ्यात काढायची. घरं गरम ठेवायच्या गरजेतला ९० टक्क्यांहून जास्त भाग सूर्याने भागायचा, एका हिवाळ्यात तर शंभर टक्के. पण जमीन पुरती तापायलाच काही वर्षं गेली, आणि अखेरीस यंत्रसामग्री जुनी होऊन दुरुस्ती परवडेना, २०२४ मध्ये गुंडाळलं. तुमचा एक बोअर, त्यांचे १४४.

काकडी_भाकरी
१४४ बोअर मारायला बाणेरमध्ये पार्किंग काढावं लागेल. मग भूकंप होईल तो जमिनीखाली नाही, सभेत.

निवांत_नदीकाठ
सगळे उष्णता-उष्णता करताय. पुण्याला खरं काय हवंय, गारवा! मेमध्ये रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, ती थंडी साठवा की. मेची उष्णता ऑगस्टला नेण्यापेक्षा जानेवारीची थंडी मेला न्या.

डेल्फ्टचा_बंडू
निवांत, हे मुद्द्याचं बोललात. इथल्या बऱ्याच ऑफिस इमारतींना फायदा दिसतो तो उन्हाळ्यातल्या फुकट गारव्यातच. गार विहिरीचं आठ अंशांचं पाणी थेट फिरवलं की चिलर, म्हणजे इमारतीचं एसीचं मोठं यंत्र, बंदच.

बेसाल्टबाई
कल्पना चांगली, पण पुण्याचं भूजल वर्षभर २५-२६ अंशांच्या आसपास असतं, कारण काही मीटर खाली जमीन वर्षाच्या सरासरी तापमानालाच स्थिरावते. डेल्फ्टला निसर्गाने निम्मं काम करून ठेवलंय, इथे आपल्याला करावं लागेल. हिवाळ्याच्या रात्री कूलिंग टॉवरमधून (पाणी हवेत शिंपडून गार करणारा मनोरा) पाणी बारा-चौदा अंशांपर्यंत उतरवता येईल, कारण तेव्हा हवा कोरडी असते. ते जमिनीत भरायचं आणि एप्रिल-मेत वापरायचं. दोन गोष्टी जमेच्या: मध्ये पावसाळा येत नाही, आणि गार केल्याने क्षारही बसत नाही. एक नडते: खडक तोच. त्यात टॉवरचं पाणी थेट सोडायचं नाही. धूळ आणि हवा गेली की लोह साकळून विहीर बुजते. तिथेही एक्स्चेंजर हवाच.

उकाडा_अकोला
पुण्यात नोकरी, जीव अकोल्यात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ पार करतो, पुणेकरांनी चाळिसाला गळा काढू नये.

बेसाल्टबाई, एक विचारतो. आमच्या पूर्णा खोऱ्यात बेसाल्टवर गाळाचा जाड थर आहे, खारपाणपट्टा. अकोला, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांत पसरलाय. बोअरचं पाणी खारट, पिकाला घातलं की जमीन चिबडते, प्यायला तर नकोच. घरात आरओचा जार आणि विहीर नुसती बघायला. राइशस्टागवाल्यांनी खारट पाण्याचा थर वापरला म्हणता, तर आमचं हे कुणाला नको असलेलं पाणी थंडी साठवायला का नाही चालणार? कुणाच्या तोंडचं पाणी पळत नाही, कुणी भांडायला येणार नाही.

बेसाल्टबाई
अकोला, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात. तापी-पूर्णेचा गाळ हा महाराष्ट्रातला मोजक्या ठिकाणी असलेला खरा, जाड, सैल थरांचा जलधर. काही ठिकाणी शंभर मीटरच्याही पुढे जातो. प्यायच्या पाण्याशी स्पर्धा नाही, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

अडचण चिकणमातीची. पूर्णेच्या गाळात वाळू सलग नाही, चिकणमातीच्या थरांत अडकलेले पट्टे आहेत. चिकणमातीतून पाणी सहज हलत नाही. वाळूचा जाडसर पट्टा सापडला, तो वरखाली मातीने बंद असला, तर साठवणीसाठी उत्तम झाकण. नाही सापडला तर काही नाही. आधी चाचणी बोअर, पंप टेस्ट, थराथराचा नमुना. आणि खारं पाणी लोखंडी केसिंग (बोअरला आतून घातलेला पाइप) खातं, म्हणजे पाइप, पंप सगळं त्या हिशोबाचं. पण एखादं मोठं रुग्णालय किंवा विद्यापीठ असेल तर तपासून बघण्यासारखं नक्की आहे. डिसेंबरात रात्री तुमच्याकडेही चांगली थंडी पडते.

जळगावची_भरीत
आम्हाला विसरू नका! तापीकाठी यावल-रावेरकडेही तोच गाळ, आणि पाणी गोडं. केळी साठवायला १३-१४ अंश लागतात, पिकवणी केंद्रांचे कॉम्प्रेसर दिवसरात्र ओरडत असतात.

बेसाल्टबाई
भरीतताई, तिथे मी सावध राहीन. यावल-रावेरला उपसा इतका झालाय की पातळी वर्षानुवर्षं खाली चाललीय. साठवलेल्या गारव्याला पाण्याची पातळी आणि प्रवाह स्थिर लागतो. चारी बाजूंनी केळीचे पंप ओढत असतील तर तुमचा गारवा शेजाऱ्याच्या बागेत जाईल.

पेठी_पुणेकर
केळीला थंडी बाधते, पुन्हा मालक भरपाई मागतील.

अवांतर: कात्रजहून पेशव्यांनी जमिनीखालून आणलेल्या नळाचं पाणी वाड्यांच्या हौदात यायचं. आजोबा सांगायचे, उन्हाळ्यात त्या पाण्याने दात शिवशिवायचे. हल्ली टँकरचं पाणी येतं, त्याला स्वतःचा ताप असतो.

मुळाकाठची
टँकरचा विषय काढू नका, धागा दोनशेवर जाईल.

चाकणचा_फिटर
मंडळी, मी कारखान्यात युटिलिटी बघतो. आमच्याकडे एअर कॉम्प्रेसर आणि फर्नेसचं कूलिंगचं पाणी दिवसरात्र ५०-५५ अंशांना बाहेर पडतं, आणि ते गार करायला आम्ही टॉवर चालवतो, वर वीज आणि पाणी दोन्ही घालतो. पलीकडच्या शेडमध्ये पेंट शॉपच्या आधी पार्ट धुवायला ६० अंशांचं पाणी लागतं, ते बॉयलरवर. मध्ये भिंत. ही उष्णता साठवायची म्हटली तर?

मीटर_पळतोय
फिटरभाऊ, तुम्हाला साठवायचं काय कारण? ज्या दिवशी निघते त्याच दिवशी लागते. भिंतीला भोक पाडा, एक्स्चेंजर लावा, वरचे आठ-दहा अंश हीट पंपाने भरा. उष्णता निघते एका ऋतूत आणि लागते दुसऱ्यात, तेव्हाच जमिनीकडे बघायचं. उट्रेख्ट विद्यापीठाने १९९० च्या दशकात ९० अंशांपर्यंतचं पाणी जमिनीत साठवून पाहिलं, आणि त्याच दशकात बंद केलं. एक कारण हे की इमारतीतून परत येणारं पाणीच पुरेसं गार नसायचं, मग साठवलेली उष्णता पुरती काढणार कशी? भरणं सोपं असतं. काढणाऱ्याचं गणित आधी करावं.

तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. चेअरमन काकांना धागा छापून दिला. त्यांनी बेसाल्टबाईंचा प्रतिसाद लाल पेनाने खुणा करत वाचला आणि 'मग विषयपत्रिकेत त्याऐवजी काय घालू?' असं विचारलं. आता ते तुम्हीच सांगा.

मीटर_पळतोय
हवेतून उष्णता घेणारा हीट पंप. तुमच्या सोलरच्या टाकीलाच जोडता येतो. जुलैतही पुण्याची हवा २३-२५ अंशांची असते, त्यामुळे एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता सहज मिळते. वरच्या हिशोबातले १७,००० युनिट गिझरने गेले तर पूर्ण १७,०००, हीट पंपाने पाचेक हजार. साठ घरांत वाटा. जमीन खणायची नाही, कुणाची परवानगी नाही.

बेसाल्टबाई
आणि त्या बोअरमध्ये गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून सोडा, जाळी आणि वाळूचा फिल्टर नीट ठेवून. पार्किंगचं पाणी त्यात जाऊ देऊ नका, ऑइल असतं. मार्चला कोरडा पडणारा बोअर मेपर्यंत जाईलच असं नाही, फटी कुणाच्या कुठे उतरतात त्यावर आहे. पण पातळीची नोंद ठेवा, महिन्यातून एकदा दोरीला वजन बांधून सोडलंत तरी पुरे. उपनगरांतल्या सोसायट्यांच्या अशा नोंदी मिळाल्या तर मला स्वतःला हव्या आहेत.

काकडी_भाकरी
म्हणजे चेअरमन वाचले.

चाकणचा_फिटर
भिंतीला भोक पाडायचा विषय साहेबांपुढे ठेवला. म्हणाले, दोन शेडचे कॉस्ट सेंटर वेगळे आहेत, बिल कुणी फाडायचं?

मीटर_पळतोय
फिटरभाऊ, दोन्ही शेडचे आकडे आणा: किती लिटर, किती अंशांना, कोणत्या शिफ्टला. बिल कुणी फाडायचं ते त्यावरूनच ठरेल.

चाकणचा_फिटर
फ्लो मीटर एकाच शेडला आहे. दुसरीकडे बॅरल आणि घड्याळ लावून मोजतो, सोमवारी टाकतो इथेच.